अर्थ वन्संच्या बाजूला

हॉटेलच्या तळघरात, जिथे वरच्या सगळ्या खोल्यांच्या चादरी धुवायला येतात, तिथे वहिनीला तिच्या खऱ्या नावानं कोणीही ओळखत नव्हतं. तिची नणंद तिला वहिनी म्हणायची, म्हणून अख्खी लाँड्री वहिनी म्हणायची. आणि वहिनी नणंदेला वन्सं म्हणायची, म्हणून मशीनवालेसुद्धा त्यांना वन्सं म्हणून मोकळे झाले. दोघी एका घरात राहायच्या, एका बसनं यायच्या आणि दिवसभर एकाच चादरीची दोन टोकं धरून उभ्या राहायच्या. वहिनीचा नवरा, म्हणजे वन्संचा धाकटा भाऊ, लांबच्या मार्गावर ट्रक चालवायचा. तो घरी आला की पाहुण्यासारखा साखरेचा डबा कुठे आहे ते विचारायचा. तेव्हा घर म्हणजे खरं तर या दोघीच.

वहिनीचा राग सदा नाकावर. वन्सं अगदी उलट. बसमध्ये कोणी पायावर पाय दिला तर याच म्हणणार, "माझाच पाय मधे आला वाटतं." वहिनीला या स्वभावाची इतकी चीड होती की वन्संच्या वाटचं भांडणही तीच भांडून यायची. "माझ्याशिवाय या बाईचं काय झालं असतं देव जाणे," असं ती येताजाता ऐकवायची, आणि वन्सं मान डोलवायच्या.

आता खरी गोष्ट सांगते. वन्संना खोकला लागला होता. साधासुधा नाही, चादर झटकली की सुरू व्हायचा आणि घडी होईपर्यंत थांबायचा नाही. डॉक्टरांनी छाती तपासली आणि सरळच सांगितलं, "या वाफेतून आणि ब्लीचमधून बाहेर पडा. औषध देतो मी, पण रोज परत तिथेच जाऊन उभ्या राहणार असाल तर औषधानं काय करायचं?" वन्सं म्हणाल्या, "बघते." त्यांचं 'बघते' म्हणजे काय ते वहिनीला पक्कं ठाऊक होतं. त्या काही बघणार नव्हत्या. खोकत खोकत तिथेच उभ्या राहणार होत्या.

आणि नेमक्या त्याच सुमारास वरच्या मजल्यावर दोन जागा निघाल्या. खोल्या आवरायच्या, पलंग लावायचे. वर मोठाल्या खिडक्या, वारा, कोरडी हवा. वन्संना श्वास घ्यायला दुसरी जागाच नव्हती. पण वर जायचं तर इंग्रजीची तोंडी परीक्षा. ती घ्यायला एक तरुण साहेब नेमलेला होता, लाँड्रीत त्याला सगळे टायवाला म्हणायचे, कारण उकाड्यातही त्याच्या गळ्यातला टाय सुटत नसे.

वहिनी ओल्या हातांनीच त्याच्या ऑफिसात जाऊन उभी राहिली. मागे वन्सं, निम्म्या दारात आणि निम्म्या बाहेर.

"तुम्ही दोघी? लाँड्रीतून?" टायवाला म्हणाला.

"का? लाँड्रीत माणसं नसतात?"

"तसं नाही हो, मावशी. पण हे साधं इंग्रजी नाही. पाहुणे फ्रेझल व्हर्बमध्ये बोलतात. दोन ओळखीचे शब्द एकत्र येतात आणि अर्थ तिसराच होतो. तुम्हाला कशाला हा ताप? खाली चादरी काही इंग्रजी बोलत नाहीत."

"आपल्या भाषेत तरी कुठे बोलतात? म्हणून आम्ही काय मुक्यानं राहायचं? आणि मावशी तुमच्या घरी. इथे मी कामाला आहे."

"या वयात जमायचं नाही, एवढंच सांगतोय."

"वय माझं, डोकं माझं. तुमचं काय जातंय?"

वन्सं मागून तिचा पदर ओढत होत्या. टायवाल्यानं हसत हसत दोन कागद काढून दिले. एकावर इंग्रजी जोड्या, दुसऱ्यावर त्यांचे आपल्या भाषेतले अर्थ. आकडे जुळवून वाचायचे. "परीक्षा झाल्यावर रडत येऊ नका म्हणजे झालं," तो म्हणाला. वहिनीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. खाली येताना जिन्यात ती म्हणाली, "वन्सं, आता शेंडी तुटो की पारंबी! आपण दोघी वर जाणार म्हणजे जाणार."

"दोघी कशाला? तू एकटी दे की परीक्षा," वन्सं म्हणाल्या.

"खोकतं कोण? मी?"

घरी गेल्यावर स्वयंपाक, धुणं, भांडी. अभ्यासाला वेळ कुठला? वेळ होता तो चादरींपाशी. घडीच्या टेबलाच्या दोन बाजूंना दोन खांब होते. वहिनीला इंग्रजी अक्षरं झरझर लागायची, म्हणून जोड्यांचा कागद तिच्या समोरच्या खांबावर, म्हणजे वन्संच्या पाठीमागे चिकटवला. अर्थांचा कागद वहिनीच्या पाठीमागे, वन्संच्या डोळ्यांसमोर. चादर मशीनमधून आली की दोघी दोन-दोन कोपरे धरायच्या आणि एक सणसणीत झटका द्यायच्या. झटका बसला की वहिनी ओरडायची, "लुक आफ्टर!" मग वन्सं चादर दुमडत चालत तिच्याकडे यायच्या आणि कोपरे तिच्या हातात देता देता म्हणायच्या, "सांभाळणं." पुढची चादर. "रन आउट!" "संपून जाणं." पुढची. "पुट ऑफ!" "पुढं ढकलणं." बाजू कधी बदलायच्या नाहीत. चादरीच्या कामात बाजू बदलली की हात गोंधळतात आणि घडी तिरकी येते. ट्रॉलीकडे वहिनी, मशीनकडे वन्सं, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं.

सुरुवातीला वहिनी जोड्यांवरच भडकायची. "हे काय मेलं! लुक म्हणजे बघणं, आफ्टर म्हणजे नंतर. नंतर बघू म्हणजे सांभाळणं? आपल्याकडे नंतर बघू म्हणजे काम टाळणं!"

वन्संना हसू आवरेना. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू. मग त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आपण तरी काय कमी आहोत का? तो नको ते बोलून गेला म्हणतो, तेव्हा तो समोरच बसलेला असतो. ती काहीतरी करून बसली म्हणतो, तेव्हा ती चांगली उभी असते. परवा तू मला म्हणालीस, डॉक्टरांना स्पष्ट सांगून टाका. सांगून कुठे टाकायचं?"

वहिनी चादर तशीच धरून बघत राहिली. "अगं बाई! वन्सं, तुम्हाला एवढं बोलता येतं?"

"तू थांबशील तेव्हा येतं," वन्सं म्हणाल्या आणि पुढची चादर उचलली.

मग काय, गाडी सुसाट सुटली. आठवडे गेले तशी कागदांकडे बघायचीही गरज उरली नाही. इस्त्रीच्या रोलरवरच्या बायका आधी नाकं मुरडत होत्या, त्याही कान देऊन ऐकायला लागल्या. वहिनीनं जाईल तिथे डंका पिटला. बसमध्ये, नळावर, शेजारणीपाशी. नवरा आला तेव्हा त्यालाही सांगितलं, "तुमच्या बहिणीला मी वर नेतेय. बघत राहा." नवरा म्हणाला, "साखर कुठे आहे?"

परीक्षेच्या दिवशी सकाळी वन्संनी माघार घेतली. "मला नाही जमायचं. तू जा," त्या म्हणाल्या. वहिनीनं त्यांचा हात घट्ट धरला तो थेट वरच्या मजल्यावरच्या खोलीबाहेर येऊन सोडला. आत काचेचं टेबल. एका बाजूला टायवाला, शेजारी हाउसकीपिंगच्या मॅडम. पहिली वहिनीच गेली. छाती काढून गेली.

"बसा," टायवाला म्हणाला. "सोप्यापासून सुरू करू. लुक आफ्टर म्हणजे काय?"

वहिनी वाट बघत राहिली. कशाची, ते तिचं तिलाच कळेना. शब्द कानावर पडला, आता कोपरे हातात येणार आणि अर्थ ऐकू येणार. पण समोर तर टायवाला.

"सांगा की. लुक आफ्टर."

"हे मला पाठ आहे, साहेब."

"मग सांगा ना. बरं, रन आउट? पुट ऑफ? लेट डाउन?"

एकेक शब्द ओळखीचा. एकेक शब्द तिनं शेकडो वेळा घसा फोडून ओरडलेला. आणि प्रत्येकामागे अर्थ होता तो वन्संच्या आवाजात, वन्संच्या तोंडी. तिच्या स्वतःच्या तोंडात एकही नव्हता. 

"उलटं विचारा," ती शेवटी म्हणाली. "अर्थ तुम्ही सांगा, जोडी मी सांगते. एक चुकले तर नाव बदलेन."

"पाहुणा काय आधी अर्थ सांगणार आणि मग तुम्हाला विचारणार?"

वहिनीला आणखीच संताप आला. "मग सगळ्या ओळीनं म्हणून दाखवते," असं म्हणून तिनं खांबावरच्या कागदाप्रमाणे जोड्या धडाधड म्हणायला सुरुवात केली. टायवाला हसायला लागला. मॅडम हसल्या नाहीत, पण त्यांनी हात वर करून तिला थांबवलं. "वहिनी, नुसती नावं घेऊन काम नाही भागायचं. पुढच्या वेळी या."

बाहेर आली तेव्हा वन्सं बाकावर अंग चोरून बसल्या होत्या. वहिनीचा चेहरा बघून त्या उभ्याच राहिल्या. "काय झालं? नाही ना जमलं? मला वाटलंच होतं. चल, खाली जाऊ."

आणि त्या क्षणी वहिनीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आत अर्थ विचारत होते. अर्थ सगळे वन्संच्या बाजूला! आपण बुडालो ते बुडालो, पण ही बाई नुसतं तोंड उघडेल तर पार होईल. आणि आपण नापास झालो हे कळलं तर तोंड उघडायच्या आत पळून जाईल.

"कोण म्हणतं नाही जमलं?" वहिनी ठसक्यात म्हणाली. "सगळं जमलं. साहेब चाट पडले. जा, तुमचीच वाट बघतायत."

"खरं?"

"मी कधी खोटं बोलते?" ती धडधडीत खोटं बोलली आणि वन्संना आत ढकलून दाराला कान लावून उभी राहिली. लाजबिज काही वाटली नाही.

"लुक आफ्टर?" आतून टायवाल्याचा आवाज.

"सांभाळणं."

"रन आउट?"

"संपून जाणं."

"लेट डाउन?"

"तोंडघशी पाडणं."

"पुट अप विथ?"

"चालवून घेणं. सोसत राहणं."

साहेबाचा शब्द पुरता संपायच्या आत उत्तर. वहिनीला दाराबाहेर नाचावंसं वाटत होतं. मग मॅडमचा आवाज आला, "छान. आता यातलं एक वापरून इंग्रजीत वाक्य करा."

झालं! वहिनीचा जीव टांगणीला लागला. इंग्रजी तर वन्संनी कधी उच्चारलंच नव्हतं. ते खातं वहिनीचं. आतून नुसता खोकला. लांबलचक, छाती पिळवटणारा. वहिनीनं दाराची मूठ धरली, आत शिरून 'पुरे करा' म्हणणार, तेवढ्यात आवाज आला, बारीक पण स्पष्ट.

"आय लुक आफ्टर माय वहिनी."

मॅडमना हसू आलं असावं. "असं? मला वाटायचं त्याच तुम्हाला सांभाळतात."

"तिलाही तसंच वाटतं," वन्सं म्हणाल्या. "मी वाटू देते."

आता काय म्हणावं! वहिनी दाराबाहेर लाल झाली. कोण कोणाला सांभाळतंय म्हणे! मी नसते तर हिला बसमध्ये बसायला जागा मिळाली नसती! पण रागाच्या पोटात दुसरंही काही हललं. ती मशीनवाल्याशी कडाकडा भांडून यायची आणि दुसऱ्या दिवशी तो कसा काय हसून बोलायचा, याचा तिनं कधी विचारच केला नव्हता. आपल्यामागून कोणीतरी जाऊन त्याला काहीतरी म्हणत असणार. शेजारणीलाही. घरमालकालाही. हा विचार वहिनीला मुळीच आवडला नाही.

मॅडमनी दार उघडून तिथेच निकाल सांगितला. वन्संना घेतलं. जेवणानंतर वर या, गणवेश घ्या, आजपासूनच काम. "आणि वहिनी, तुम्ही मन लावून करा, पुढच्या वेळी बघू."

वन्संनी वहिनीकडे पाहिलं. "तू तर म्हणालीस सगळं जमलं."

वहिनी जिना उतरायला लागली.

खाली आल्यावर वन्संनी पदर खोचला, ढिगातली चादर ओढली, दोन कोपरे स्वतः धरले आणि उरलेली बाजू पुढे केली. "धर."

"जेवून घ्या आणि वर जा," वहिनी म्हणाली.

"मी जाणार नाही. तू नाहीस तर मी नाही. सांगून आले आहे मी मॅडमना, विचार करून सांगते म्हणून. धर म्हणते ना!"

एवढ्या चढ्या आवाजात वन्संना बोलताना कोणी ऐकलं नव्हतं. रोलरवरच्या बायकांनी काम थांबवलं. वहिनीनं चादरीकडे पाहिलं. मग दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

"नाही धरत."

"वहिनी, तमाशा करू नकोस."

"करणार. आजपासून मी तुमच्याबरोबर एकही चादर धरायची नाही. करा एकट्या."

"करीन!" वन्सं म्हणाल्या, आणि खरंच करायला लागल्या. मोठी दुहेरी पलंगाची चादर ती, एका माणसाच्या हातात कशी मावणार? एक टोक हनुवटीखाली धरलं, दुसरं खाली घसरलं, ओल्या फरशीवर लोळलं. त्यांनी झटका दिला आणि खोकला सुटला. खोकत खोकत वाकल्या, पुन्हा टोक उचललं, पुन्हा घसरलं. वहिनी दोन हातांवर होती. दोन पावलं टाकून टोक धरायचं, बस, एवढंच. पाठीमागे तिची नखं तळव्यात रुतली होती. आयुष्यात एवढं कठीण काम तिनं केलं नव्हतं. ती हलली नाही.

"दगड आहेस दगड!" वन्सं ओरडल्या. "खोटं बोललीस माझ्याशी!"

"बोलले. परत बोलेन."

"आणि तू इथे एकटी काय करणार? कोणाशी भांडणार? तुझी भांडणं निस्तरणार कोण?"

"माझी मी निस्तरीन! नाहीतर पडू दे तशीच! वन्सं, रोज तुमचा खोकला ऐकते मी. शेजारच्या खोलीतून ऐकते, बसमध्ये ऐकते, चादरीच्या दुसऱ्या टोकाला ऐकते. मला तुम्ही जिवंत हव्या आहात. माझ्याजवळ नकोत, जिवंत हव्या आहात! कळलं? त्या टायवाल्याच्या नाकावर टिच्चून तुम्ही पास झालात, आणि आता माझ्यासाठी या वाफेत मरणार? माझ्या नावावर नका फाडू ते बिल. मी नाही घेणार."

वन्संच्या हातातून चादर सुटली आणि पायाशी गोळा होऊन पडली. त्यांनी खोचलेला पदर सोडला, तोंड पुसलं.

"हट्टी आहेस."

"आहेच."

"ऐक मग." वन्संनी बोट रोखलं. जन्मात कोणाकडे बोट न रोखलेली बाई! "आजपासून घरी अभ्यास. तू अर्थ सांगायचे, मी जोड्या म्हणणार. चुकलीस तर भाजी तू चिरायचीस. आणि कारणं सांगायची नाहीत."

"बघू."

"बघू नाही. बसायचं म्हणजे बसायचं."

एवढं बोलून त्या वळल्या आणि लिफ्टकडे चालू लागल्या. सावकाश, एका हातानं छाती धरून, पण मागे न बघता. दार उघडलं, बंद झालं. तेव्हा कुठे वहिनीनं हात सोडवले. बोटं आखडली होती. ती पायाशी पडलेली चादर उचलायला वाकली आणि तशीच थोडा वेळ वाकून राहिली. रोलरवरच्या बायकांपैकी कोणी काही बोललं नाही, हे बरं झालं, नाहीतर बोलणारीचं नशीब फुटलं असतं.

मग वहिनीनं मळलेली चादर परत मशीनमध्ये कोंबली आणि भिंतीवरच्या फोनपाशी गेली. त्या फोनवर वरून हुकूम यायचे. खालून वर कोणी फोन केलेला आजवर कोणी पाहिला नव्हता. तिनं ट्रेनिंग ऑफिसचा नंबर फिरवला.

"हॅलो," टायवाल्याचा आवाज आला.

"लाँड्रीतून वहिनी बोलतेय. पुढची परीक्षा कधी आहे?"

"अहो, तुम्ही आत्ताच तर नापास झालात!"

"म्हणून तर विचारतेय. पास झाले असते तर कशाला विचारलं असतं? तारीख सांगा. आणि जरा मोठ्यानं बोला, इथे मशीन चालू आहे."